पाचशे मिलीचा नाताळ

दिवसाला पाचशे मिली.
पाणी, चहा, सार, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून.
खिडकीतल्या बाटलीवर रत्नाकरने
पेनाने रेघा मारल्यात, शाळेच्या पट्टीसारख्या.
डिसेंबरात जमतं तसं.
नाशिकची थंडी निम्मी तहान खाते,
उरलेली मी फ्रीजरमधल्या एका द्राक्षावर काढते,
गोठलेलं, जिभेखाली,
विरघळायला सात मिनिटं.

पण नाताळात प्रत्येक घर चहा टाकतं.
शरणपुरात आमची सतरा घरं.
सतरा अर्धे कप:
हिशेब मांडला आणि मांडता मांडता रडले,
गणितात मी कधी कच्ची नव्हते.

कुलथे मॅडम म्हणाल्या, यादी करा.
कुठे जायचं, कुठे नाही,
आणि "नाही" मोठ्याने म्हणून बघा घरी.
मी कुकरला म्हणून बघितलं,
नाही, यंदा नाही जमणार.
कुकरने शिट्टी दिली.

नोव्हेंबरात आठ दिवस
मी भिंतीकडे तोंड करून होते.
आम्ही दोघं त्याला थकवा म्हणायचो,
पाहुण्यांपुढे ठेवता येईल असा शब्द.
आता त्याचीही एक गोळी आहे, रात्रीची,
बाकीच्या अकरांमध्ये मिसळून गेलेली.
सुवार्तावहिनी डबा उघडून बघतात,
त्यांना ती ओळखू येत नाही.

पंचवीसला युनिट बंद,
म्हणून चोवीसच्या रात्री मशीन लागलं.
शेजारी सिन्नरचे कचरूतात्या.
"उद्या तुमचा सण ना?"
"हो."
"लक्ष्मीपूजनाला मी हितंच हुतो.
सिस्टरनं मशीनलाच हळदकुंकू लावलं."
आणि हसले, नळ्या हलू न देता.
कुणीतरी सलाईनच्या स्टँडला
चमकीच्या कागदाचा तारा बांधला होता.
मला तो आवडला नाही.
मग आवडला.
तिसऱ्या तासाला पुन्हा नाही.

सकाळी चर्चमध्ये शेवटचा बाक,
दाराजवळचा, उठून जाता येईल असा.
मग तीन घरं.
चौथ्या दारातून
हात हलवला आणि वळले.
कुणी रागावलं असेल.
असू दे, यादीत होतं.

दुपारी घर भरलं.
करंज्यांच्या पुऱ्या मीच लाटल्या होत्या,
नारळ मला वर्ज्य, लाटणं नाही.
"बरी दिसतेस की!"
"मनावर घेतलं की माणूस उठतो बघ."
मनावर.
मी हसून ताटल्या उचलल्या,
मागच्या खोलीत गेले, कडी लावली.
यादी: दोन ते तीन, दार बंद.

पलंगाखाली जोएल होता,
नव्या बुटांवरून आईचा मार चुकवत.
सहा वर्षांचा, तोंडाला केक.
"आत्या, तू पण लपलीस?"
मी हो म्हटलं.
वर्षभरात कुणाला
इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

त्याने माझा डावा हात पाहिला,
मनगटावरची फुगलेली शीर,
जिच्याकडे मोठी माणसं बघत नाहीत
किंवा फक्त तिच्याकडेच बघतात.
"कान लावू?"
लाव.
तो बराच वेळ गप्प होता.
"आत कुणीतरी गुणगुणतंय."
कोण रे?
"माहीत नाही.
पण थांबत नाहीये."

दार वाजलं. केक कापायचाय, चला.
"नाही," मी म्हटलं, "अजून दहा मिनिटं."
बाहेर जरा शांतता,
मग पावलं परत गेली.
एवढंच.
जोएल कान तसाच ठेवून झोपला
आणि माझ्या हाताला मुंग्या आल्या.

रात्री पाहुणे गेल्यावर
रत्नाकरने बाटली दिव्यासमोर धरली.
सत्तर मिली शिल्लक!
माझ्यापेक्षा त्यालाच आनंद.
चहाच्या छोट्या कपात ओतून
आम्ही पायरीवर बसलो, शाल एकच.
परवा सहाला मशीन.
वहिनींचा फोन येईल, चौथ्या घराचाही.
मी पहिला घोट घेतला,
तोंडात धरून ठेवला,
गिळायची घाई नव्हती.