खुंटी

आधी आवाज आला.
मशीन मोडल्याचा नव्हे,
भातात खडा लागल्यावर
जेवणारा थबकतो, तसा.

मी लेथवर होतो, वळलो नाही.
सित्राच्या या शेडमध्ये अकरा वर्षं झाली,
कुठल्या मशीनचं काय दुखतंय
ते पाठीला कळतं.

मिलिंगपाशी लोकबहादूर,
दोन्ही हात अंगापासून लांब धरून,
जणू गुन्हा हातांनीच केलाय, त्यानं नाही.
ड्रॉबार ढिला राहिला होता.
कोलेट आतल्या आत फिरलं,
आणि स्पिंडलमधली खुंटी
(तांदळाच्या दाण्याएवढी असते ती)
चेचली गेली.

रियासत म्हणाला, काढून टाक मिस्त्री,
आमच्या गुजरांवाल्यात कुणी ठेवतच नाही,
तिच्यावाचून काही अडत नाही.
नाही अडत. खरंय.
इथे आल्यापासून बघतोय,
कशाकशावाचून अडत नाही ते.

पितळी हातोड्यानं ड्रॉबारवर तीन ठोके.
नाही.
चौथ्याला सुटलं, खाचेची कड फाटलेलं कोलेट.
मग नाकाडाची रिंग उघडली.
स्क्रूच्या डोक्यात काळं, दगड झालेलं ग्रीस.
रॉकेलचा बोळा, आणि बायकोनं
बटणं लावायला दिलेली सुई.
बटणं इथे तुटत नाहीत,
त्याआधी शर्टच जातो.

पहिला स्क्रू कुलपाचा. त्याच्यामागचा खरा.
तो निघाला तेव्हा तळहातावर आला तुकडा:
एकीकडे अजून कारखान्यातली चकाकी,
दुसरीकडे कुरतडलेलं नख.

नवी मी केली.
एक ग्रब स्क्रू घेऊन त्याचं टोक
उतरवत उतरवत आणलं
चार मिलिमीटरला एक केस कमी.
शिरोलीला इंगवले मास्तर सांगायचे,
बसली पाहिजे, रुतली नाही पाहिजे,
नवी सून घरात बसते तशी.
आम्ही पोरं हसायचो.
डबा घेऊन आलेली त्यांची सून हसायची नाही.

"दाइ, ही कितीला मिळते?"
मिळत नाही, म्हटलं, करावी लागते.
तो आणखीच घाबरला.
मग कानस खाली ठेवून सांगितलं त्याला,
हे बघ, ही ओझं घ्यायला नाहीच.
ओढ ड्रॉबारची, पकड टेपरची.
आवळताना कोलेटनं गिरकी घेऊ नये
एवढंच हिचं काम.
तू आवळलं नाहीस,
म्हणून सगळा घाव हिच्यावर आला.
त्यानं मान हलवली.
कळलं की नुसतं ऐकलं, देव जाणे.
सैदालवीनं आणलेला चहा
दोघांचाही गार झाला होता.

रात्री रिफायनरीची ज्योत खिडकीच्या जाळीत,
ओहोटीच्या चिखलाचा वास,
आणि माझ्यापुढे रजिस्टर.
त्यात कारणाचा एक रकाना असतो.
निष्काळजीपणा लिहिलं की
वग्दीसाहेब बारा दिनार कापतात.
मी लिहिलं: जुनी झीज.
अक्षर जरा बरं काढलं,
खोटं लिहिताना येतं तसं.

सकाळी वग्दीसाहेबांनी वाचलं,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
किती जुनी?
म्हटलं, साहेब, मशीन माझ्याआधीचं आहे.
ते काहीच बोलले नाहीत.
पान उलटलं.

नवं कोलेट वर सरकवलं,
बोटांनी जरा फिरवून खाच शोधली,
आणि ते बसलं.
आवाज नाही आला म्हणूनच कळलं.
लोकबहादूरनं पान्हा घेतला, आवळला.
पुन्हा आवळला.
मग सगळा भार टाकून, दात-ओठ खात, तिसऱ्यांदा.

पुरे रे, म्हटलं.
संध्याकाळी काढायचंय परत.