कडी न लावता

पहाटे चारला बर्फाचा नांगर येतो.
मी जागीच असते.
इल्मो वळणावर पातं उशिरा टेकवतो,
टपालपेट्यांपाशी खरवड उशिरा सुरू होते
आणि हातभर बर्फ तिथंच राहतो.
अकरा हिवाळे हा रस्ता माझा होता.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.
कोण विचारतंय.

लायसन्स पोलिसांकडे जमा आहे.
हातमोजे मात्र कुणी मागितले नाहीत.
ते खुंटीवर आहेत. नाक लावलं की अजून डिझेल.

शिडीवर चढायचं नाही.
तळ्यावर एकटीनं भोक पाडून गळ टाकायचा नाही.
सौनात शक्यतो नाहीच,
आणि गेलीसच, राइली, तर आतून कडी लावू नकोस,
लेम्पी औलूहून फोनवर सांगते, दर रविवारी,
जणू कडी हाच माझा आजार आहे.

आधी जळक्या रबराचा वास येतो.
मग डाव्या अंगठ्यात मुंग्या.
मग काही नाही.
मग फरशी, आणि तोंडात रक्ताची चव,
आणि कुत्रं, लांब बसलेलं, ओळख विसरल्यासारखं.

त्या चार मिनिटांबद्दल सगळे विचारतात.
चार मिनिटं कुणीतरी नेतं, ठीक आहे, नेऊ दे.
पण उरलेली एक हजार चारशे छत्तीस
जशीच्या तशी माझ्या अंगावर टाकून जातं,
त्यांचं काय करायचं ते कुठल्याच गोळीवर लिहिलेलं नाही.

दिवस ढकलते, म्हणतात ना.
ढकलणं हाच माझा धंदा होता.
पण बर्फ ढकलला की मागे रस्ता दिसायचा.

चर्चच्या कॉफीला गेले होते एकदा.
सगळे माझ्या कपाकडे बघत होते.
कप बशीवर वाजला
आणि हेल्व्हीची गोष्ट मध्येच थांबली.
नुसतीच साखर ढवळत होते गं मी.
बस मंगळवारी आणि शुक्रवारी.
परत यायला शुक्रवारचीच.

नर्सनं वही दिली आहे.
तारीख, वेळ, किती मिनिटं, जीभ चावली का.
महिन्याकाठी दोन ओळी भरतात.
बाकीची घरं कोरी.
कोऱ्या घरांचा मला राग आला,
जगलेच नाही असं दिसत होतं त्यांत.

मग लिहायला लागले.
चौदा जानेवारी. चार वाजून सहा. उशिरा टेकवलं.
पंधरा. चार वाजून नऊ. उशिरा.
कोल्ह्याची पावलं पेट्यांपासून झाडीकडे, परतीची नाहीत.
सोळा. आलाच नाही. उणे एकतीस.
सतरा. कंटाळा, सकाळी दहा ते दुपारी दोन.
जीभ चावली नाही.

अठराला दुपारी, जेवढा काय उजेड असतो तेवढ्यात,
एक काठी घेतली, टोकाला लाल मोजा बांधला,
कुत्र्याला घेऊन वळणाच्या अलीकडे बारा पावलं मोजली
आणि रोवली.
हात थरथरत होते. थंडीनं.
हे स्वतःला दोनदा सांगावं लागलं.

रात्री सौना तापवली.
दार अर्धवट, फटीत बूट अडकवलेला.
डोकं घामानं भिजलेलं, पावलं गोठलेली,
बुटाच्या वरून गार हवा आत येत होती
बिनबोलावल्या शेजारणीसारखी.
बस, म्हटलं. आता आलीच आहेस तर.

फेब्रुवारीत नर्सनं वही चाळली.
तिचं बोट एका घरावर थांबलं.
एकोणीस जानेवारी, चार वाजून पाच.
"इथं नुसतंच 'बरोबर टेकवलं' लिहिलंय.
हा कुठला प्रकार? डोकं टेकवलंत का?
पडलात का?"

नाही, म्हटलं.
रस्ता होता तो.

तिनं तसंच लिहून घेतलं, मला वाटतं.