विषय : घंटेबाबत

मा. मुख्याध्यापिका यांस,
वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की —

इथवर हात न बघता लिहितो.
भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात आवक-जावकला
चौदा वर्षं बसते मी.
गळक्या पाइपांचे, घुशींचे, कलंडलेल्या झाडांचे अर्ज घेते,
नंबर टाकते, शिक्का मारते,
आणि कुठला अर्ज कपाटात मरणार
हे कागद हातात आल्या आल्या कळतं मला.
ज्यात रडणं असतं, तो.

म्हणून मुद्देसूद.

एक. माझी मुलगी, कु. यशोधरा गमरे, तिसरी ब,
घंटा झाली की कान दाबून बाकाखाली जाते.
हे नाटक नाही.
(‘नाटक’ खोडते. तो शब्द तुमच्या बाईंचा,
मी कशाला सांभाळू?)

दोन. ती नजरेला नजर देत नाही, कारण ती ऐकत असते.
बघायला लावलं की ऐकू येणं बंद होतं तिचं.
हे मला सांगायला तिला सात वर्षं लागली.
तुम्ही फक्त वाचायचंय.

तीन. गणवेशाच्या कॉलरमागची पट्टी मी कापली आहे.
टोचते. रक्त येईपर्यंत खाजवते.
त्या पट्टीवर शाळेचं नाव होतं, दिलगीर आहे.
(‘दिलगीर’सुद्धा खोडते.)

चार. आपण सुचवलेली शॅडो टीचर, महिना अठरा हजार.
सावलीलाही पगार असतो
हे कन्नमवार नगरात अजून कळलेलं नाही.
यशूचे पप्पा मीटिंगमध्ये ‘हो मॅडम’ म्हणाले
ते झेरॉक्सचे सुटे पैसे मोजता मोजता.
तो होकार धरू नये.

सोबत : शीवच्या हॉस्पिटलचा दाखला, सत्यप्रत.
तीन तारखा, चार खिडक्या,
एका खिडकीवर जेवणाची सुट्टी.
दाखल्यात लिहिलंय चाळीस टक्के.
घरी येताना रिक्षात तिनं तो पुन्हा पुन्हा वाचला
आणि म्हणाली, पस्तीसला पास असतं ना?
मग मी पास.

मागच्या सोमवारी तुम्ही हे सगळं
उभ्या उभ्याच चाळलंत, म्हणालात : बघू.
मॅडम, हा शब्द मी दिवसातून तीस वेळा
काचेच्या भोकातून बाहेर सरकवते.
माझ्याच हातचं नाणं परत आलं,
खोटं आहे हे मला
वाजवून बघावं लागलं नाही.

आता मुद्दा पाच, ज्यासाठी विषयात घंटा आहे.
घंटेआधी कुणीतरी तिला सांगावं, एवढंच मागणार होते.
एक बोट. एक खूण. खर्च शून्य.
काल अर्ज मोठ्यानं वाचून बघत होते,
तर यशू फरशीवर बाटल्यांची झाकणं लावता लावता म्हणाली,
खरात मामा करतात की.

काय करतात?

टोला बगलेत धरतात,
तिसरी बच्या दारात येतात,
आधी स्वतःचे कान झाकतात. मग मी झाकते.
मग जातात आणि वाजवतात.

कधीपासून?

दिवाळीपासून.

दिवाळीत माझा पहिला मसुदासुद्धा झाला नव्हता.
खरात मामांना कुणी दाखला दाखवला नाही,
टक्के सांगितले नाहीत,
त्यांच्याकडे आवक नाही, जावक नाही,
दोन हात आहेत, त्यात एक टोला.
रात्री मी झाकणं गोळा केली (रंगाप्रमाणे, नाहीतर सकाळी रडारड)
आणि अर्ज फाडायला घेतला.

फाडला नाही.
आज गेटवर मामांना भेटले.
हसले, म्हणाले, पोरगी गुणाची आहे ताई,
पण मी मेपर्यंतच. मग रिटायर.

तरी मुद्दा क्रमांक पाच कायम ठेवून
सहाव्यांदा हा अर्ज सादर करते.
जूनमध्ये जो कुणी घंटेवर येईल
त्याच्या कामाच्या यादीत हे लिहून ठेवावं :
आधी आपले कान.

आपली,
(‘विश्वासू’ लिहिलं नाही, जागा सोडली आहे)
विशाखा गमरे

ता. क. पोच द्यावी. मी थांबते.