अक्षराला तीस रुपये

काळ्या दगडावर अक्षराला तीस रुपये.
जोडाक्षर एकच धरते मी,
वेलांटी, उकार, अनुस्वार फुकट.
गंगावेशीत हा हिशेब वडलांनी घालून दिला,
मी फक्त दहाचे तीस केले.

समितीनं पहिला कागद आणला, त्यावर होतं: हुतात्मे.
दुसऱ्या दिवशी तो शब्द खोडून: मृत.
अण्णाप्पा मगदूम म्हणाले,
सातांतले पाच हुतात्मे धरता येतात,
दोघांवर तालमीत एकमत होईना.
मग पाचांच्या डोक्यावर एक ओळ, दोघांच्या दुसरी,
मध्ये बोटभर जागा सोडायची.
कुणाचं बोट, मी विचारलं.
कुणी हसलं नाही.

तिसरा कागद: बाजारातील दुर्दैवी घटनेत.
घटना म्हटलं की ती आपली आपण घडते.
दंगल म्हटलं की दोन बाजू लागतात.
गोळीबार म्हटलं की बंदूक आली,
बंदुकीला हात आला.
"हात नको," सचिव म्हणाले,
"उद्घाटनाला पाहुणे यायचेत."

निल्ले सरांना सगळ्यात वर एक ओळ हवी होती,
आमच्या गुळाच्या बाजाराला
इतिहासातल्या मोठ्या कत्तलींच्या पंगतीत बसवणारी.
तिथं शेकडो होते, सर.
"म्हणून तर," ते म्हणाले,
"नाहीतर सातांकडं कोण बघतंय?"
पलीकडच्या पेठेतला खांब नऊ फुटी,
तर आपला साडेनऊ.
"त्यांचे अकरा हाईत पण. आपले सातच."

तो च कागदावर नव्हता,
नाहीतर त्याचेही तीस लागले असते.
बाळगोंडाची आई दारात चपला काढत होती.
आत येऊन म्हणाली,
"माजा एकच हुता."

त्यानंतर बैठकच मोडली.

सातवं नाव: अनोळखी इसम.
सात अक्षरं, दोनशे दहा रुपये.
वर्षभरानं गोकाककडनं मल्लव्वा आली,
पदरात गुंडाळलेला हमालाचा बिल्ला घेऊन,
आणि इसमाला नाव फुटलं: बसलिंग.
आता ते कुठल्या लिपीत?
या दगडावर कानडी?
पेपरात फोटो आला तर?
सीमेचे सगळे खटले माझ्या दुकानात भरले,
चहा मीच मागवला.
तिला कुणी विचारलं नाही.
तिला दोन्ही वाचता येत नाहीत, मराठी नाही, कानडी नाही.
ती दगडाकडं बघून एवढंच म्हणाली: "होद्रु."
माझी आजी निपाणीची, म्हणून मला कळलं.
होद्रु म्हणजे गेले.
आमच्यातही गेलेच म्हणतात,
दळणाला गेल्यासारखं.

घाटावर देवळामागं वीरगळ आहेत,
एकावर बायका धुणं आपटतात.
खाली गाई, गाईंपुढं पडलेला माणूस,
मध्ये त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर चंद्रसूर्य.
अक्षर एकही नाही.
आता तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही,
हे काही बरं झालं असं मी म्हणणार नाही.
पण खालच्या चौकटीत
मारणाराही कोरलाय,
नीट, मूठ आवळलेली,
हातात तलवार.
कुठल्या समितीनं तो घासून काढायला लावला नाही.

दगड दुकानात भिंतीला टेकून आहे.
तारीख तेवढी झाली. तारखेवर वाद नव्हता,
आणि आकड्याचे मी पैसे घेत नाही.
परवा मल्लव्वा पुन्हा आली,
तारखेखालच्या कोऱ्या भागावर
तळवा फिरवत म्हणाली, "इल्ली?"
इथं?

हौदु, मी म्हटलं.
छिन्नी हातात होती.
आगाऊ रक्कम अजून समितीचीच आहे.