पत्रा

वासुदेवननं गाडीखालून नुसता हात बाहेर काढला,
"टॉर्च."
मी दिला. मग बराच वेळ काहीच नाही.
चेंबूर कॅम्पातली दुपार, शेजारच्या चक्कीतून मिरचीचा ठसका,
आणि माझ्या ओम्नीखालून बाहेर आलेली दोन पावलं,
एका चपलेला सेफ्टी पिन.

उठला तेव्हा त्यानं कॅलेंडरचा जून फाडला,
कोऱ्या बाजूवर लिहिलं:
क्लच प्लेट. रिंग-पिस्टन. मागचे पाटे.
पत्रा. पत्र्यापुढे रक्कम नाही, नुसती रेघ.
"ताई, अडतीस हजार. पत्रा सोडून.
बदला आता. मी सांगतोय म्हणजे बघा,
माझंच गिऱ्हाईक जातंय."

एक्स्चेंजवाला बावीस देतो म्हणाला होता,
पाहुण्यानं नको म्हणावं
अशा सुरात चहा विचारतात, तसा.

घरी नवरा म्हणाला, कर्ज काढू.
दीर म्हणाला, रंग मार, दोन वर्षं कुठं गेली नाहीत.
सासऱ्यांनी विचारलं, हॉर्न वाजतो ना?

मी वहीत हिशेब मांडला.
नऊ मुलं गुणिले दहा महिने,
मे महिन्याचे पैसे कोणी देत नाही.
वजा गॅस, वजा विमा, वजा पासिंग.
तिसरा गिअर टाकताना जरा डावीकडे कलावं लागतं,
हे माझ्या खांद्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.
सरकत्या दाराला लाथ चालत नाही, गुडघा लागतो.
टपाला आतून शर्विलनं कर्कटकानं कोरलंय
'पर्णिका गाढव आहे.'
पर्णिका आता डॉक्टर होतेय, सायन हॉस्पिटलात दिसली परवा.
हे मी वहीत लिहिलं आणि खोडलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, पत्रा म्हणजे नेमका कुठला?
वासुदेवननं मागच्या सीटपुढची मॅट उचलली.
तळहाताएवढं भोक. कडा भाजलेल्या पापडासारख्या.
खाली जमीन, जमिनीवर सोड्याचं बूच.
भोकाच्या काठाला पेन्सिलीची सालं चिकटलेली,
गोळीचा एक चांदीचा कागद.

सोमवारी गाडी सुरू करण्याआधी मागे वळून विचारलं.
सगळे एकदम शांत.
बाईंनी वर्गात विचारल्यावर बसतात तसे.
शेवटी डिकास्टांचा नोएल म्हणाला,
"तो आमचा टीव्ही आहे, काकी."

दोन वर्षं.
डायमंड गार्डनपासून शाळेपर्यंत पाळ्या लावलेल्या.
स्पीडब्रेकर आला की पट्टे पळतात म्हणे, काळे पांढरे काळे.
अलवीनाला एकदा मांजर दिसलं होतं,
बाकीचे म्हणतात, खोटं.
डब्याचे तीन चमचे गेलेत त्यातून, एक खोडरबर.
"मग सांगितलं का नाही?"
"तुम्ही बुजवलं असतं ना."

मी हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
रात्री अडीचला जाग आली ती पायामुळे.
पांढरा मोजा, काळा बूट, पहिलीतला पाय,
आणि खाली रस्ता, चाळीसच्या वेगात.
उठून पाणी प्याले.
दोन वर्षं मी दर शनिवारी लिंबू-मिरची बदलत होते,
काच वर्तमानपत्रानं पुसत होते, आतून आणि बाहेरून.

जूनचं पान अजून फ्रिजवर आहे,
चुंबकाखाली, रेघेसकट.
पत्रा मारून घेतला, तेवढाच,
मार्चपर्यंत चालेल असा.
मुलं आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत.

काल घाटकोपरला एक इको बघायला गेले, पाच वर्षं वापरलेली.
विकणारा सांगत होता एसी, सांगत होता एकच मालक,
सांगत होता डॉक्टरची गाडी, मॅडम, फक्त रविवारी बाहेर.
मी पदर खोचला, गुडघ्यांवर बसले, मॅट उचलली.
"काय शोधताय?"
अंगठ्यानं दाबून पाहिलं. दबला नाही.
पुन्हा एकदा, जरा मागे,
जिथे नोएलचे पाय येतील तिथे.
मग किंमत विचारली.