वीस अंश

रेडिचला पूर्वी सुया होत.
आता आम्ही बुशिंगं करतो, कुणाच्या तरी विमानासाठी.
आतला व्यास पन्नास मिलिमीटर, आणि चुकायला जागा
केसाच्या दहाव्या भागाहून कमी.

तीन आठवडे रात्रपाळीचा माल मोठा भरायचा,
तीन मायक्रॉन.
सकाळी तोच माल शहाण्यासारखा मापात.
मी टूल बदललं, स्पिंडल तपासला,
कूलंटची टाकी उपसली,
मशीनला मनातल्या मनात दोन लाथा घातल्या.
ग्राहकाचा माणूस फोनवर इतका गोड बोलायला लागला
की पोटात गोळा आला.

शेवटी मंगळवारी रात्रीच थांबले.
एक वाजता डोरीन प्रॉबर्टने किटली लावली,
कप दोन्ही हातांत धरून बसली,
बोटांचे सांधे आल्याच्या कुड्यासारखे.
मग कप ठेवला. बुशिंग उचललं.
कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण वर्तुळ,
आणि गेजला लावलं.

हातमोजे? मी म्हटलं.
मोज्यातून बर लागत नाही हाताला, ती म्हणाली,
आणि एक वेगळं काढून माझ्यापुढे सरकवलं,
मशीनने पास केलेलं.
मी अंगठा फिरवला. काही नाही.
पुन्हा फिरवला.
होतं. कुसळाएवढं.
दुसऱ्याचं कुसळ शोधायला तर आले होते मी.

फॉर्मवर पाच वेळा 'का' विचारायचं असतं.
पहिले तीन सोपे: पोलाद फुगलं, हात गरम, चहा.
चौथ्यात डोरीनचे सांधे आले.
पाचवा कोरा ठेवला.

सगळ्या जगाचा करार आहे:
वीस अंशांना जे माप, तेच खरं.
आमच्या मिरजेत वीस अंशांना
लोक कानटोपी शोधतात.

उपायाच्या रकान्यात लिहायचं होतं
की मोजण्याआधी भाग काळ्या दगडावर ठेवावा,
चाळीस मिनिटं, कुणी हात लावू नये.
याला इंग्रजीत रीतसर शब्द आहे,
पण मला आधी लोणच्याचाच आठवला:
मुरू द्यावं.

आता रात्री ग्रॅनाइटवर
बारा बुशिंगं ओळीने मुरत असतात.
डोरीनचा चहा चालूच.
परवा मी पुन्हा थांबले, काही काम नव्हतं तरी.
काटा शून्यावर येण्याजोगा होईस्तोवर
दोघी नुसत्या बसून होतो, पगारी,
हात मांडीखाली दाबून.