पासंग

बातुमीच्या जुन्या बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर,
मी एकवीस दुकानांच्या वतीने 'आम्ही' म्हणते.
सोमवारी आम्ही खाचापुरी भाजतो,
मंगळवारी दात साफ करतो,
बुधवारी लग्नाचे झगे भाड्याने देतो,
आणि शुक्रवारी संध्याकाळी, जरा लाडात येऊन,
मांजरांची नखं कापतो.
उद्गारचिन्हं मला घाऊक लागतात.
महिन्याच्या शेवटी पन्नास लारी मोजून
हजार माणसंही विकत घेते.
त्यांना आईबाप नाहीत, दात नाहीत, भूक नाही,
नाव मात्र आहे,
आणि अंगठा.

एल्गुजा तराजू दुरुस्त करतो.
त्याच्या सुनेने तीन महिन्यांचे आगाऊ दिलेत मला,
कशाचे, ते त्याला नीटसं ठाऊक नाही.
म्हटलं, काका, चार ओळी सांगा दुकानाबद्दल.
म्हणाला, लिही:
'काटे दुरुस्त होतात.
दोन ते चार मी झोपतो.
खोटा काटाही आणा, खरा करून देईन.
पैसे तेवढेच.'
म्हटलं, थोडं गोड करू या?
'गोड पलीकडे मिळतं, नोदारीच्या टपरीत.'

पंधरा दिवसांनी आकडे घेऊन गेले.
तीन हजार दोनशे लोकांनी पाहिलं, काका.
चारशे नऊ जणांना आवडलं.
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
माझ्या हातातून फोन घेतला
आणि पितळी पारड्यात ठेवला.
एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम.
'आधी किती होता?'
एवढाच असणार.
'म्हणजे चारशे माणसं येऊन गेली
आणि काटा हलला नाही.'
चेष्टा नव्हती त्यात.
खरंच बघत होता तो काट्याकडे,
आजारी लेकराच्या छातीकडे बघावं तसा,
आता वर येईल, आता.

मग ओझुर्गेतीहून एक बाई आली.
हेझलनटची खरेदी करायची ती, गावोगाव.
एका हातात फोन, त्यावर त्याच चार ओळी,
दुसऱ्या हातात, टॉवेलात गुंडाळलेला, सासूचा तराजू.
वजनाच्या पारड्याखाली मेण,
मेणात शिसं.
चाळीस वर्षं किलोमागे साठ ग्रॅम
अख्ख्या गावाकडून फुकट.
'सासू गेली मार्चमध्ये,' बाई म्हणाली.
'काढा हे. पण हळूहळू काढा,
यंदा वीस, पुढल्या वर्षी वीस.
एकदम काढलंत तर लोकांना कळेल.'
एल्गुजाने चाकू तापवला.
मेण सुटायला चहा गार होण्याइतका वेळ लागला.
शिशाचा गोळा तिच्या तळहातावर ठेवून म्हणाला,
'हा तुमचा. लपवायचा की दाखवायचा
ते माझ्या धंद्यात येत नाही.
आठ लारी.'
बाई बराच वेळ मूठ उघडी ठेवून उभी राहिली,
जणू त्या हाताने आता दुसरं काही धरताच येणार नव्हतं.

त्या रात्री मी माझी यादी उघडली.
बेकरीचे अडीच हजार. झग्यांचे चार.
दंतवैद्याचे सहा हजार, एकालाही दात नाही.
मेणात मेण, शिशावर शिसं,
आणि पारड्यावर इतके अंगठे
की खालचा माल दिसेना.
काढायचे तर किती?
यंदा वीस?
कुणाच्याही पोटावर पाय न देता?
त्यात माझंही पोट आलं, खोलीचं भाडं आलं.
एकही काढला नाही. दिवा मालवला.

फक्त मंगळवारी सकाळी लिहिलं:
'दात साफ करतो. थोडं दुखतं.
गुरुवारी बंद.'

नऊ वाजून दहा मिनिटांनी दंतवैद्याचा फोन.
आवाज खाली आणून, अगदी मायेने विचारलं त्याने,
'तेओना, सगळं ठीक आहे ना?
घरी कुणाचं काही झालं का?'